दीडशे माणसांची खोली

मराठी रंगभूमीवरच्या एका संपूर्ण चळवळीला दादरच्या एका शाळेचे नाव आहे. 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग करायला सुरुवात केली, हळूहळू इतर संस्थाही तिथे येत गेल्या, आणि पुढे त्या साऱ्या उपक्रमाचा उल्लेख करताना लोक नाटककारांची किंवा दिग्दर्शकांची नावे न घेता सरळ 'छबिलदास' म्हणू लागले. ती जागा सुटल्यावर 'आविष्कार'ला माहीमच्या महापालिका शाळेचा आसरा घ्यावा लागला. तिथेही नाटके होत राहिली, पण 'माहीम चळवळ' असा शब्द काही रूढ झाला नाही. एखाद्या खोलीत काही घडते तेव्हा त्यात खोलीचा वाटा किती असतो, हा प्रश्न मला फार वर्षांपासून पडत आला आहे. गेल्या हिवाळ्यात (इथला हिवाळा म्हणजे जुलै) मेलबर्नमध्ये एका शनिवारी रात्री तो पुन्हा पडला, आणि या खेपेला निमित्त कानठळ्या बसवणाऱ्या संगीताचे होते.

आमच्या एका मित्राचा मुलगा, लहानपणी दर रविवारी मराठी शाळेत आणि मग तबल्याच्या वर्गाला जाणारा, आता एका गॅरेज पंक (जलद, खडबडीत रॉक वाजवणाऱ्या) बँडमध्ये बास गिटार वाजवतो. "काका, एकदा तरी या, आणि बाबांनाही आणा," असे तो दोन वर्षे म्हणत होता. शेवटी आम्ही दोघे गेलो ते कॉलिंगवुडमध्ये, जॉन्स्टन स्ट्रीट आणि वेलिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या 'द टोट' या पबमध्ये. दारात पंधरा डॉलर घेऊन मनगटावर शिक्का मारणारी मुलगी तासाभराने मंचावर ड्रमपाशी बसलेली दिसली. आतला गालिचा वर्षानुवर्षे सांडलेल्या बिअरने इतका चिकट झाला आहे की पाऊल उचलताना बुटाखालून चर्रर आवाज येतो. हा गालिचा त्या शहरात पबाइतकाच प्रसिद्ध आहे. मंच जेमतेम गुडघाभर उंच, तिन्ही बँडांना मिळून ड्रमचा संच एकच, प्रत्येक बँडचे वादन अर्ध्या तासाचे आणि प्रत्येक गाणे दोन-अडीच मिनिटांचे. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मित्राने माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून विचारले, "अरे, तुला शब्द कळतायत का?" मला एकही कळत नव्हता. त्याच धक्काबुक्कीत त्याचा चष्मा पडला. तेव्हा शेजारच्या, मानेपर्यंत गोंदवून घेतलेल्या एका तरुणाने दोन्ही हात पसरून मागच्यांना थोपवले, दोघा-तिघांनी मोबाइलचे दिवे खाली धरले, चष्मा सापडला, आणि तो स्वतःच्या टी-शर्टला पुसून मगच मित्राच्या हातात दिला गेला. गाणे अर्थातच थांबले नव्हते.

त्या रात्री दारावर एकशे बेचाळीस माणसे मोजली गेली. म्हणजे गल्ला एकवीसशे तीस डॉलरचा. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याचे पैसे आणि किरकोळ खर्च वजा जाता उरलेली रक्कम तीन बँडांतल्या अकरा जणांत वाटली गेली. मित्राच्या मुलाच्या वाट्याला जे आले त्यातले निम्मे बासच्या तारांच्या नव्या संचाला जातील, असे तो हसत म्हणाला. त्यावर त्याच्या वडिलांनी जो प्रश्न विचारला, तो त्यांनी चिडून विचारला असला तरी मला तो गंभीरपणे घ्यावासा वाटतो: "एवढ्या दीडशे लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला?" सार्वजनिक भाषेत हाच प्रश्न असा मांडता येईल की, शेजाऱ्यांची झोप, जमिनीचे भाव आणि पोलिसांचा वेळ यांवर ताण आणणाऱ्या अशा लहानशा, गोंगाटाच्या खोल्यांसाठी शहराने आपले नियम वाकवावेत का? माझे उत्तर असे की नियम वाकवू नयेत, पण या खोल्यांसाठी ते वेगळे मात्र असावेत, कारण मोठ्या जागांना लावायची मोजपट्टी लहान खोलीला लावली की खोली सुधारत नाही, मरते.

हे संगीत खोलीशिवाय संभवतच नाही. साठच्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी घराच्या गॅरेजमध्ये, हातात आलेल्या स्वस्त गिटारी आणि फाटका आवाज देणारे ॲम्प्लिफायर घेऊन जे वाजवले, त्यातली विस्मरणात गेलेली गाणी लेनी के या गिटारवादकाने १९७२ मध्ये एका दुहेरी अल्बमात एकत्र केली आणि सोबतच्या टिपणात त्यांच्यासाठी 'पंक रॉक' हा शब्द वापरला. नावातच जागा आहे: गॅरेज. ऑस्ट्रेलियातले उदाहरण तर अधिक बोलके आहे. ब्रिस्बेनच्या 'द सेंट्स' या बँडला सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कोणी मंच द्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी पेट्री टेरेसवरच्या आपल्या भाड्याच्या घरालाच 'क्लब ७६' असे नाव देऊन तिथे कार्यक्रम सुरू केले. सप्टेंबर १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने पाचशे प्रती काढलेली पहिली तबकडी लंडनच्या पंक बँडांच्या पहिल्या तबकडीच्या आधी बाजारात आली. ब्रिस्बेन ज्या राज्यात येते त्या क्वीन्सलँडमध्ये त्या काळी जो बिएल्के-पीटरसन यांचे सरकार होते आणि पोलीस अशा पार्ट्यांवर धाडी घालत. मंच नाकारणाऱ्या शहरात एका घराची बैठकीची खोली पुरली. पण दर पिढीला अशी खोली सापडेलच असे नाही, आणि आजच्या भाड्यांत तर नाहीच.

'द टोट'वर २०१० च्या जानेवारीत जे ओढवले ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. मेलबर्नच्या मध्यवस्तीत दारूच्या नशेतल्या मारामाऱ्या वाढल्या होत्या आणि सरकारवर काहीतरी करून दाखवण्याचे दडपण होते. परवाना खात्याने उशिरापर्यंत चालणाऱ्या आणि लाइव्ह संगीत असणाऱ्या जागांना 'जास्त धोक्याच्या' वर्गात टाकले आणि पहिल्या शंभर माणसांमागे दोन, पुढच्या प्रत्येक शंभरामागे आणखी एक असे सुरक्षारक्षक सक्तीचे केले. हजारो लोकांच्या नाइटक्लबला हा खर्च गल्ल्यात मुरवता येतो. पंधरा डॉलरची तिकिटे फाडणाऱ्या पबला तो परवडत नाही, आणि चष्म्याची गोष्ट ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो हास्यास्पदही वाटेल. नियम करणाऱ्यांच्या मनात मोठा आवाज आणि हिंसा यांची सरळसरळ गफलत झाली होती. पबच्या चालकाने दार बंद करत असल्याचे जाहीर केले. मग २३ फेब्रुवारी २०१० रोजी हजारो लोक स्टेट लायब्ररीपासून संसद भवनापर्यंत चालत गेले. ही तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण चौतीस वर्षांपूर्वी त्याच दिवशी एसी/डीसी या बँडने ट्रकवर उभे राहून स्वॉन्स्टन स्ट्रीटवर आपल्या गाण्याचे चित्रीकरण केले होते. एका लहान पबसाठी एवढी माणसे रस्त्यावर उतरतात हे पाहून सरकारला माघार घ्यावी लागली, त्याच वर्षी संगीतक्षेत्राशी करार झाला आणि टोटचे दार नव्या चालकांनी पुन्हा उघडले.

खरी महत्त्वाची गोष्ट मात्र चार वर्षांनी, कोणाच्या फारशी लक्षात न येता घडली. सप्टेंबर २०१४ मध्ये मेलबर्न ज्या राज्यात येते त्या व्हिक्टोरियाने नगररचनेच्या नियमांत एक कलम घातले. लाइव्ह संगीताच्या चालू जागेपासून पन्नास मीटरच्या आत कोणी नवी निवासी इमारत बांधत असेल, तर संगीताचा आवाज घरात येऊ नये यासाठीची जाड काच, दुहेरी भिंती आणि बाकी सगळी व्यवस्था बांधणाऱ्याने स्वखर्चाने करायची. उलट, वस्तीत नवा संगीताचा पब कोणी काढत असेल तर आवाज अडवण्याचा खर्च पबवाल्याचा. बदल जो आणतो, भुर्दंड त्याचा. तिथे याला 'एजंट ऑफ चेंज' म्हणतात, आणि इंग्लंडनेही २०१८ मध्ये हे तत्त्व आपल्या राष्ट्रीय नियोजन धोरणात घेतले. ते इतके सोपे आहे की आधी का सुचले नाही असे वाटावे. आधी हिशोब असा चालायचा: स्वस्त, काहीशा पडक्या वस्तीत संगीतवाले येतात, त्यांच्यामुळे वस्तीला रंग चढतो, त्या रंगाचे भांडवल करून बिल्डर इमारती उभ्या करतो, फ्लॅट विकून निघून जातो, आणि मग फ्लॅट घेणारा आणि पबवाला एकमेकांशी भांडत बसतात. ज्याने नफा कमावला तो भांडणातच नसतो.

फ्लॅट घेणाऱ्याची बाजू मला अनुभवाने ठाऊक आहे. याच शहरात आम्ही जे पहिले घर भाड्याने घेतले, त्याच्या जाहिरातीत 'जिवंत सांस्कृतिक परिसर' असे शब्द होते आणि खिडक्यांना एकेरी, पातळ काचा होत्या. समोरच्या चौकातल्या बारमधून शुक्रवारी रात्री शब्द ऐकू येत नसत, सूरही नाही. फक्त बासचा ठोका उशीतून यायचा. हे असेच होणार होते. साठ हर्ट्झच्या ध्वनीची लहर साडेपाच मीटरहून लांब असते, ती पडद्याने किंवा पातळ काचेने अडत नाही, तिला वस्तुमान लागते. मी तेव्हा बारला शिव्या घातल्या. काच बसवणाऱ्याला घालायला हव्या होत्या हे पुढे कितीतरी वर्षांनी कळले. शेजाऱ्यांच्या झोपेला क्षुल्लक मानून कलेची बाजू घेणारे जे लेखन असते, त्यात मला म्हणूनच फारसा अर्थ वाटत नाही. झोप हा हक्कच आहे, आणि तिची किंमत कोणी मोजायची एवढाच वादाचा मुद्दा आहे. कानांचेही तसेच. टोटमध्ये माझ्या फोनवरचे मापक (त्यावर फार विसंबू नये) एकशे चारच्या आसपास घुटमळत होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सुचवलेली मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीने शंभर डेसिबल आहे. मी बारवर मिळालेले फोमचे बोळे कानात घातले, मित्राने घातले नाहीत, आणि रविवारी दुपारपर्यंत त्याच्या कानात शिटी वाजत होती.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. 'आम्ही आधीपासून इथे आहोत' हा युक्तिवाद आपल्याकडे कोण करते? चौकात स्पीकरच्या भिंती रचणारी मंडळे करतात. मग हे तत्त्व पुण्यात आणले तर डॉल्बीवाल्यांच्या हाती कोलीतच दिल्यासारखे होणार नाही का? मला तसे वाटत नाही, कारण दोन्हींत मूळचा फरक आहे. खोलीत ऐकणारा आपल्या पायांनी आवाजाकडे जातो, दाराशी पैसे देतो, आणि सहन झाले नाही तर बाहेर येतो. मिरवणुकीत आवाज तुमच्या आजारी आईच्या खोलीत येतो आणि त्याला बाहेर काढायचे दार नसते. खोलीला परवाना आहे, वेळ ठरलेली आहे, शेजाऱ्याच्या खिडकीपाशी मोजता येईल अशी मर्यादा आहे, आणि ती ओलांडली तर परवाना जातो. 'आधीपासून' असण्याने ही मर्यादा सैल होत नाही. तिच्या आत राहूनही जो संघर्ष उरतो, त्याचा खर्च कोणावर पडावा एवढेच ते तत्त्व ठरवते.

आपल्याकडच्या कायद्यात हा फरक मुळात आहेही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना बंदी घातली, ती बंद सभागृहांना वगळूनच. पण व्यवहारात आपण काय केले? मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह, जिथे १९७८ मध्ये पहिली जॅझ यात्रा झाली आणि पुढे रॉक ऐकणाऱ्या दोन पिढ्या घडल्या, ते रुग्णालये, महाविद्यालय आणि न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात येते म्हणून या शतकाच्या सुरुवातीला मुके झाले. उघड्या मैदानातले स्पीकर रुग्णालयाशेजारी वाजावेत असे मी म्हणणार नाही. पण बंद करताना पर्यायी बंदिस्त जागा देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, आणि तक्रार आहे ती याची. सवाई गंधर्व महोत्सवाची रात्रभर चालणारी बैठक दहाच्या काट्याने मोडली. वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची जी सवलत राज्य सरकारला देता येते, ती कोणाच्या वाट्याला यावी यावर दरवर्षी ओढाताण असते. तमाशाचे तर विचारूच नये. ज्या खेळाची घडणच रात्रभराची, गणापासून वगापर्यंत, त्याची सुपारी नारायणगावच्या राहुट्यांत ठरवताना यात्रा कमिटीला आता घड्याळ पाहावे लागते. ज्या नियमाचा रोख खरे तर लग्नाच्या वरातीवर आणि मिरवणुकीवर असायला हवा, तो सर्वात आधी बाधला तो परवाना मागून, तंबू ठोकून, तिकीट लावून खेळ करणाऱ्यांना, कारण त्यांचा पत्ता पोलिसांना माहीत असतो.

परत टोटकडे येतो, कारण २०१४ च्या कलमानेही सगळे सुटले नव्हते. २०२३ मध्ये पबची इमारतच विक्रीला निघाली. आवाजाची तक्रार नव्हती, परवान्याचीही नव्हती. जमिनीचा भाव गालिच्याच्या भावाला भारी पडला होता, एवढेच. तेव्हा नॉर्थ मेलबर्नमधला असाच दुसरा लहान बार चालवणाऱ्या जोडप्याने लोकवर्गणीचे आवाहन केले, काही आठवड्यांत तीस लाख डॉलर जमले, आणि इमारत विश्वस्त व्यवस्थेत ठेवून तिथे पुढेही लाइव्ह संगीतच चालेल अशी तजवीज करण्याचे त्यांनी ठरवले. इंग्लंडमध्ये म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेने हीच वाट धरली आणि त्याच वर्षी ॲथर्टन गावातल्या 'द स्नग' या लहान जागेची इमारत विकत घेऊन सुरुवात केली. वाद्ये, मंच, कलावंत हे सगळे असूनही पायाखालची जमीन दुसऱ्याची असेल तर कोणताही ध्वनिनियम फार काळ पुरत नाही. छबिलदासची जागा सुटली तेव्हाच हे आपण शिकायला हवे होते.

पैसा कुठून आणायचा? इथे मला सरकारी अनुदानाविषयी थोडी शंका आहे. अर्जाचे तीन प्रतींतले नमुने भरून पंक वाजवणारी पोरे डोळ्यांसमोर येत नाहीत, आणि अनुदान देणारा आज ना उद्या गाण्याचे शब्द विचारतोच. आपल्याकडे नाटकाला प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको. त्यापेक्षा मोठ्या मैदानांच्या तिकिटांवर छोटा अधिभार लावून तो लहान खोल्यांकडे वळवणे मला न्याय्य वाटते, कारण मैदाने भरणारे कलावंत खोल्यांतच घडतात. एमिल अँड द स्निफर्स हा मेलबर्नचा बँड २०१६ मध्ये एका घरात राहणाऱ्या मित्रांनी सुरू केला, पबांमधून वाजवत मोठा केला, आणि २०१९ मध्ये त्यांना सर्वोत्तम रॉक अल्बमचा आरिया हा ऑस्ट्रेलियन संगीत पुरस्कार मिळाला. ब्रिटिश संसदेच्या समितीने मे २०२४ मध्ये असा अधिभार सुचवला, पण सरकारने तो आयोजकांच्या मर्जीवर सोडला. कोल्डप्लेने २०२५ च्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा म्युझिक व्हेन्यू ट्रस्टला देण्याचे जाहीर केले, हे त्यांना शोभणारेच. त्याच दौऱ्यात जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे तीन कार्यक्रम नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले, तिकिटांसाठी केवढी झुंबड उडाली ते सर्वांनी पाहिले, आणि त्या प्रचंड उलाढालीतला एक रुपयाही मुंबई-पुण्यातल्या शंभर खुर्च्यांच्या खोल्यांकडे वळावा अशी मागणी मात्र फारशी कोणी केली नाही. दात्याच्या मनावर ती सोडण्याचे कारण नाही. महापालिकेने परवान्याच्या अटीतच ती घालावी.

राहिली दारू. टोट शेवटी पब आहे, त्याचे घर बिअरवर चालते, आणि सतरा वर्षांच्या मुलाला तिथे दारातूनच परत पाठवतात. हा दोष खरा आहे, पण तो अटळ नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथले '९२४ गिलमन' १९८६ च्या अखेरीपासून दारूशिवाय, सर्व वयांना खुले, स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले आहे. आपल्याकडे तर शाळांची सभागृहे, ग्रंथालयांच्या गच्च्या, मंगल कार्यालयांचे बिनमुहूर्ताचे दिवस एवढे पडून असतात की दारूचा प्रश्न येऊच नये.

मध्यरात्र उलटून गेल्यावर आम्ही बाहेर पडलो. दाराच्या आतल्या बाजूला पाटी होती की शेजारी झोपले आहेत, कृपया शांतपणे निघा, आणि आत गळा फाडून ओरडणारी ती पोरे फुटपाथवर येताच खरोखरच कुजबुजत होती. बासचा ॲम्प्लिफायर जड होता. मित्राने काही न बोलता त्याची एक बाजू धरली, मुलाने दुसरी, आणि मी गाडीची डिकी आवाज न करता लावण्याचा प्रयत्न करत राहिलो. मित्र आणि मुलगा गाडीने गेले. मी घराकडची ८६ क्रमांकाची ट्राम धरायला स्मिथ स्ट्रीटकडे निघालो, तेव्हा पलीकडे एक नवी इमारत दिसली, सहाएक मजल्यांची. उगाच सवयीने मी टोटच्या दारापासून तिच्या भिंतीपर्यंत पावले मोजली. बावन्न भरली, म्हणजे माझ्या पावलाने चाळीस मीटरच्या आत. तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीत दिवा होता. काचा एकेरी होत्या की दुहेरी, ते खालून कळत नव्हते.